‘मिठाचा रेणू’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ‘पाण्याचा रेणू’ चालतो, मग ‘मिठाचा रेणू’ लिहिले की रसायनशास्त्राची मंडळी नाक का मुरडतात? मीठही संयुगच ना?

संयुगच; पण प्रत्येक संयुगाला रेणू असतोच असे नाही. रेणू म्हणजे ठरावीक अणूंचा सुटा गट. पाण्यात ऑक्सिजनचा अणू दोन हायड्रोजन अणूंशी इलेक्ट्रॉनांची एकेक जोडी वाटून घेतो. हा सहसंयुज बंध. तीन अणूंचा तो गट शेजाऱ्यांपासून वेगळा ओळखता येतो, आणि पाणी उकळले तरी मोडत नाही. वाफेतही तेच रेणू असतात.

मिठाचे, म्हणजे सोडिअम क्लोराइडचे, तसे नाही. सोडिअमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन (२, ८, १), क्लोरिनच्या सात (२, ८, ७). सोडिअमचा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे जातो, धन आणि ऋण आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, तयार होतात. शिकवण्याच्या आकृतीत चित्र इथेच थांबते, एकाला एक जोडून, आणि ‘मिठाचा रेणू’ तिथूनच रुजतो. आयनाची ओढ मात्र सगळ्या दिशांना सारखीच असते. स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाला सहा क्लोराइड (क्लोरिनचे ऋण आयन) खेटून असतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडिअम. त्या सहांतला जोडीदार कोणता म्हणायचा? १९१३ साली भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या आधारे ही रचना दाखवली. तरी १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग हे वयोवृद्ध रसायनतज्ज्ञ ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातून तिची टर उडवत होते. तेव्हा सवय जुनीच म्हणायची.

मग लिहायचे काय? ‘सूत्र-एकक’ (सूत्रात दाखवलेल्या सर्वांत लहान प्रमाणातला गट) लिहावे, आणि ‘रेणुवस्तुमान’ऐवजी ‘सूत्रवस्तुमान’: सोडिअमचे २३ + क्लोरिनचे ३५.५ = ५८.५. आकडा तोच येतो म्हणून चूक खपून जाते, द्रावणात मात्र अंगाशी येते. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम, म्हणजे एक मोल (कण मोजण्याचे रसायनशास्त्रातले ठरावीक माप), साखर विरघळवली तर गोठणबिंदू ढोबळमानाने १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. ५८.५ ग्रॅम मिठालाही ‘एक मोल रेणू’ धरून तेवढाच हिशेब केला, तर उत्तर जवळजवळ निम्मे येईल, कारण गोठणबिंदू किती उतरणार ते विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते आणि पाण्यात दोन मोल आयन सुटे झालेले असतात. कॅल्शिअम क्लोराइडचे तर तीन.

एक अपवाद द्यायला हवा. मिठाची वाफ केली तर तिच्यात सोडिअम-क्लोरिनच्या सुट्या जोड्या खरोखरच सापडतात. तिथे ‘रेणू’ शब्द बिनचूक.

‘आयनिक म्हणजे रेणू नाही, सहसंयुज म्हणजे रेणू आहे’ असा सोपा नियम मात्र करू नये. कार्बन डायऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड यांची सूत्रे एकाच घडणीची. पहिल्यात तीन अणूंचा सुटा रेणू आहे. दुसऱ्यात, म्हणजे गारगोटीच्या (क्वार्ट्झच्या) स्फटिकात, प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांशी आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांशी बांधलेला, अशी अखंड जाळी असते. बंध प्रामुख्याने सहसंयुजच, पण ‘सिलिकॉन डायऑक्साइडचा रेणू’ तिथेही चूकच.