चिनी भुताखेतांच्या कथा वाचायच्यात? बेडूकदेवापासून सुरू कर

सगळे नवीन वाचक आधी बाईचं रूप घेणाऱ्या कोल्हीणींच्या कथांवरच तुटून पडतात, त्या छानच आहेत पण तू चिनी लेखक पू सोंगलिंगची (१६४०-१७१५) बेडूकदेवाची कथा आधी घे. यांगत्से आणि हान नदीच्या पट्ट्यात बेडकांचं देऊळ, देव कोपला की घरात टेबलावर, बिछान्यावर बेडूकच बेडूक, मग घरातले घाबरून नैवेद्य दाखवणार! आणि त्या देवाची मुलगी चक्क माणसाच्या घरी सून म्हणून येते, नवरा-बायको कडाकडा भांडतात, ती सापाला घाबरते हे माहीत असून नवरा तिला साप दाखवतो, काय म्हणायचं याला! वाचताना सारखं हे कशाचं प्रतीक, ते कशाचं, असं शोधत बसू नकोस प्लीज. देव रुसतो कशावर आणि मानतो कशाने एवढंच बघ, खरी मजा तिथेच आहे. मग पू सोंगलिंगचीच कावळ्यांची कथा 'चूछिंग' वाच.