सव्वापट, पाऊणपट आणि बावीस प्रश्न

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, मॉकचा (सराव पेपरचा) निकाल काल रात्री पाहिला आणि आज सकाळी पुन्हा एकदा नीट पाहिला. गणिताच्या विभागात ६६ पैकी १३. खाली तू लिहिलंयस, 'सर, माझं गणित मुळातच कच्चं आहे. आता पाच महिन्यांत काय होणार?' फोन केला असता तर धीराचे दोन शब्द बोलून मोकळा झालो असतो, आणि तुझ्या हाती काहीच लागलं नसतं. म्हणून लिहायला बसलो.

आधी हे १३ कुठून आले ते बघू. बावीसपैकी १७ प्रश्न सोडवलेस. ७ बरोबर, त्याचे २१. पर्याय असलेले ८ चुकले, त्याचे वजा ८. पर्याय नसलेले, ज्यांना तुम्ही मुलं टिटा म्हणता, ते २ चुकले. त्यांना वजा गुण नसतात. झाले १३. पण शेजारी वेळेचा रकाना आहे, तो तू पाहिलेला दिसत नाहीस. चुकलेल्या आठांपैकी पाच तू शेवटच्या चार मिनिटांत दाबलेत. ते कोरे ठेवले असतेस तर १८ झाले असते. आणि विसावा प्रश्न, दोन नळ आणि गळका हौद, तो तू उघडलाच नाहीस. तसलाच प्रश्न गेल्या आठवड्यात माझ्यासमोर बसून दीड मिनिटात सोडवला होतास. त्याचे ३ धर. म्हणजे एकही नवं सूत्र न शिकता २१. हा कागद मला तुझं गणित कच्चं असल्याचं सांगत नाही. चौथ्या प्रश्नापाशी तू साडेसात मिनिटं अडून बसलीस, एवढंच सांगतो.

मला त्या साडेसात मिनिटांची चांगली ओळख आहे. मी ही परीक्षा दिली तेव्हा ती कागदावर असायची, पेन्सिलीने गोल काळे करायचे. भूमिती माझी लाडकी. वर्तुळात कोंडलेल्या एका चौकोनाचा प्रश्न आला आणि मी त्यातून उठलोच नाही. अकरा मिनिटांनी उत्तर आलं, बरोबरही आलं. त्या वर्षी एकाही संस्थेचं बोलावणं आलं नाही. ज्याला आपण 'येतं' म्हणतो, त्याच प्रश्नात माणूस जास्त बुडतो. न येणारा प्रश्न सोडायला मन लगेच तयार होतं.

चाळीस मिनिटं, बावीस प्रश्न. एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत, पण असं समान वाटप करायचंच नसतं. पहिल्या फेरीत प्रत्येक प्रश्न वाच. वाचून झाल्यावर पंधरा-वीस सेकंद पेन खाली ठेव आणि वाट दिसते का ते बघ. दिसली तर लगेच सोडव. दिसली पण लांबची वाटली तर खूण करून पुढे जा. दिसलीच नाही तर विसर. कितीही झालं तरी बाविसाव्या प्रश्नापर्यंत तुझी नजर पोचलीच पाहिजे, कारण सोपे प्रश्न पुढेच असतात असं काही नाही. आणि ६६ पैकी ३३ मिळवणाराही या विभागात बराच वरच्या पर्सेंटाइलला असतो. तुझ्यामागे किती जण आहेत ते पर्सेंटाइल मोजतं. पेपरातले किती टक्के प्रश्न आले हे ते विचारत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेची नजर इथे कामाची नाही.

आता गणिताकडे येतो, त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

तुझ्या कच्च्या कागदाचा फोटो पाहिला. तेलाचा भाव २५ टक्क्यांनी वाढला, खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? तू भाव क्ष धरलास, वापर य धरलास, सहा ओळी लिहिल्यास. उत्तर बरोबर आलं, पण तीन मिनिटं गेली. माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा तोंडपाठ होती. साडेतीनाचा पाढा म्हणजे औटकी. त्यांनी हा प्रश्न ऐकला असता तर म्हणाले असते, भाव सव्वापट झाला, म्हणजे चाराचे पाच झाले. मग वापर पाचाचे चार कर. पाचातला एक कमी, म्हणजे २० टक्के. संपलं. आपल्या भाषेत सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे साधे सुटे शब्द आहेत, आणि परीक्षेतली अर्धी शेकडेवारी याच शब्दांत बसते. २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट. २५ टक्के सूट म्हणजे पाऊणपट. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग, म्हणजे आठाचे नऊ. ते परत आणायचे तर नवाचे आठ, नववा भाग कमी. एक-पंचमांश वाढलं तर एक-षष्ठांश कमी करायचं. कारण वाढल्यावर एकूण भाग एकाने जास्त झालेले असतात आणि काढायचा मात्र एकच असतो. हे कारण समजलं की पाठ करायला काही उरत नाही.

दुसरा प्रश्न तू चुकवलास. जाताना ताशी ६० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी ४०, सरासरी वेग किती? तू ५० दाबलंस. रस्ता १२० किलोमीटरचा धरून बघ. जायला दोन तास, यायला तीन. २४० किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ४८. संथ वेगाने आपण जास्त वेळ चालतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते. आता याच आकड्यांनी दुसरा प्रश्न विचारतो. ६० रुपये किलोचा दोन किलो तांदूळ आणि ४० रुपये किलोचा तीन किलो एकत्र केला, मिश्रणाचा भाव काय? १२० अधिक १२०, भागिले पाच. पुन्हा ४८. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत! तासांच्या जागी किलो आले, इतकंच. तुझ्या क्लासच्या पुस्तकात 'सरासरी', 'काळ-वेग' आणि 'मिश्रण' अशी तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाची वेगळी सूत्रं आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं. मुलं तीन कुलपांच्या तीन किल्ल्या सांभाळत बसतात, आणि दार एकच असतं. गुणोत्तर. ६० पासून ४८ चं अंतर १२, ४० पासून ८. बारास आठ, म्हणजे तीनास दोन. उलट केलं की दोनास तीन, तासांचं किंवा किलोचं प्रमाण मिळतं. हा एक उतारा सलग तीन दिवस वाच. पुढचे महिने त्यावर उभे राहतील.

तुझा तो हौदही इथेच येतो. एक नळ १२ तासांत भरतो, दुसरा १८ तासांत, गळती ३६ तासांत रिकामा करते. तिन्ही चालू असताना हौद किती तासांत भरेल? एक-बारांश अधिक एक-अठरांश असं करत बसू नकोस. १२, १८ आणि ३६ चा लसावि ३६, तर हौदच ३६ लिटरचा धर. तासाला तीन लिटर येतात, दोन येतात, एक जातो. उरले चार. नऊ तास. हौद केवढा मानायचा हे आपल्या हातात आहे, तर सोयीचाच मानावा.

आता जरा अवघड. दोन नैसर्गिक संख्या अशा की १/क्ष + १/य = १/१२. अशा किती जोड्या? बीजगणित दिसतं म्हणून तू समीकरण सोडवायला धावशील, पण एका समीकरणात दोन अज्ञातं आहेत, तसं ते सुटणार नाही. तिरकस गुणाकार करून मांडणी बदल: (क्ष − १२)(य − १२) = १४४. आता प्रश्न एवढाच उरला की १४४ दोन संख्यांच्या गुणाकारात किती प्रकारे मांडता येतात. १४४ म्हणजे २ चा चौथा घात गुणिले ३ चा वर्ग. विभाजक पाच गुणिले तीन, पंधरा. क्रम वेगळा मोजायचा असेल तर १५ जोड्या, क्रमाला महत्त्व नसेल तर ८. आकडेमोड पाढ्यांपलीकडे गेली नाही. मोठा कॅल्क्युलेटर असता तरी तो इथे गप्प बसला असता. कॅटमध्ये पडद्यावर एक साधा कॅल्क्युलेटर असतो, पण तू तो २ च्या शंभराव्या घाताला ७ ने भागून बाकी काढायला उघडलास हे मला दिसलं. २ चा घन ८, त्याला ७ ने भागलं की बाकी एक. तेहतीस वेळा एक, आणि वर एक २ उरतो. बाकी २.

या प्रश्नात 'जोड्या' क्रमाने की बिनक्रमाने, हे वाचण्यावर अख्खं उत्तर अवलंबून आहे. तुझ्या आठ चुकांपैकी दोन अशा वाचनाच्या आहेत. तू मराठी माध्यमातून आलीस, पेपर इंग्रजीत असतो. इंग्रजी सुधारेलच, पण तोवर प्रश्न मनात मराठीत एकदा सांगत जा. 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान. 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त. 'ऑफ द रिमेनिंग' दिसलं की थांब, तो उरलेल्याचा भाग आहे, एकूणाचा नाही. स्वतःच्या भाषेत सांगता आला तर प्रश्न समजला. त्यात कमीपणा काही नाही. मी आजही असंच करतो.

सीईटीबद्दल, म्हणजे आपल्या राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेबद्दल, थोडंच. तुझं मन मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेवर आहे, तेव्हा ती तू देणारच. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न, एकेकाला पाऊण मिनिट, आणि चुकीला वजा गुण नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, शेवटच्या मिनिटातही नाही. कॅटमध्ये ज्या सवयीने तुझे पाच गुण गेले, तीच इथे उपयोगाची आहे. दोन्ही परीक्षांचा सराव एकाच दिवशी करू नकोस, हाताला कोणती सवय लावायची ते कळेनासं होतं.

रोज किती तास, हे तू विचारलंस. नोकरी सांभाळून दीड तास पुरे, पण त्यातला अर्धा तास नवे प्रश्न न सोडवता जुन्या चुकांना दे. एक वही कर. चुकलेला प्रश्न लिही आणि खाली एकच ओळ: सूत्र माहीत नव्हतं, वाचताना चुकलं, आकडेमोड चुकली, की सोडायला हवा होता. 'सिली मिस्टेक' हे शब्द त्या वहीत मला दिसता कामा नयेत. त्यातून काहीच कळत नाही. आठ दिवसांनी तोच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडव. महिनाभराने वही चाळलीस की तुझी चूक कोणत्या जातीची आहे ते तुलाच दिसेल. माझा अंदाज आहे, पण तो आत्ता सांगत नाही.

रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच आहे. येताना वही आण. तोवर हा एक प्रश्न: चाळीस लिटर दुधातून चार लिटर काढून तेवढंच पाणी घातलं. हेच आणखी दोनदा केलं. आता भांड्यात दूध किती उरलं? उत्तर काढण्याआधी, पेन खाली ठेवून, मला एवढंच कळव: ते २८ लिटरपेक्षा जास्त असेल की कमी, आणि का.

तुझा,
सर