बागुलबुवाला बहीण नसते

‘हॅलोवीन’ या अमेरिकी भयपटमालिकेतील मुखवटाधारी खुनी मायकेल मायर्स याच्याविषयी आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी पहिला चित्रपट अद्याप पाहिलेला नाही, त्यांनी तो पाहून मगच पुढे वाचावे, कारण शेवट सांगितल्याशिवाय उत्तरे देणे शक्य झाले नाही.

प्रश्न : मायकेल मायर्सचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील कॅप्टन कर्कचा चेहरा आहे, असे माझा भाचा छातीठोकपणे सांगतो. हे खरे आहे काय? खरे असल्यास, घरोघरी ठाऊक असलेल्या चेहऱ्याची भीती कशी वाटते? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपला भाचा बरोबर सांगतो. जॉन कारपेंटर या तरुण दिग्दर्शकाने १९७८ साली पहिला ‘हॅलोवीन’ काढला तो सव्वातीन लाख डॉलरांच्या आतबाहेरच्या भांडवलावर, आणि हॉलिवूडच्या हिशेबाने ही रक्कम इतकी तुटपुंजी होती की खास मुखवटा घडवून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. कलादिग्दर्शनाबरोबर संकलनातही हातभार लावणारा टॉमी ली वॉलेस हॉलिवूड बुलेवार्डवरील एका दुकानातून तयार रबरी मुखवटा घेऊन आला. विल्यम शॅटनर या नटाने गाजवलेल्या कॅप्टन कर्कचा तो मुखवटा दोन डॉलरांहूनही कमी किमतीत मिळाला होता. विदूषकाच्या मुखवट्याचाही विचार झाला होता, पण तो मागे पडला. वॉलेसने कर्कचे कल्ले आणि भुवया काढल्या, डोळ्यांची भोके मोठी केली, केस विस्कटले आणि सबंध चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. विदूषकाच्या चेहऱ्यावर हसू रंगवलेले असते, राक्षसाच्या चेहऱ्यावर सुळे असतात, म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे याचा काहीतरी अंदाज आपल्याला बांधता येतो. कर्कचा चेहरा पुसून जे उरले त्यावरून कोणताच अंदाज बांधता येत नाही. चेहरा माणसाचा आहे एवढेच कळते आणि डोळ्यांच्या जागी बहुतेक वेळा नुसता काळोख दिसतो.

शेवटाकडील एक प्रसंग पुन्हा लावून पाहावा. मित्रमैत्रिणींची प्रेते नुकतीच पाहिलेली लॉरी, म्हणजे मायकेल जिच्या मागे लागला आहे ती तरुण नायिका, रडत रडत एका अंधाऱ्या दाराशेजारी भिंतीला टेकते. दाराच्या चौकटीत काहीही नाही. मग त्याच काळोखात एक फिकट डाग हळूहळू उजळत जातो, आणि तो चेहरा आहे हे लॉरीच्या आधी आपल्याला कळते. छायालेखक डीन कंडी याने येथे नटाला चालत पुढे आणलेले नाही, फक्त त्याच्यावरचा प्रकाश हळूहळू वाढवला आहे, त्यामुळे तो मघापासून तेथेच उभा होता ही जाणीव आपल्याला उशिरा होते. हे काम गडद रंगाच्या मुखवट्याने झाले नसते, आणि भाव असलेल्या मुखवट्याने तर नाहीच.

प्रश्न : मुखवट्यामागे नेमका कोण होता? श्रेयनामावलीत एकाहून अधिक नावे दिसतात. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिल्या चित्रपटात बहुतांश वेळ निक कॅसल हा कारपेंटरचा महाविद्यालयीन मित्र मुखवट्यामागे आहे. चित्रपट कसा बनतो हे जवळून पाहता यावे म्हणून तो चित्रीकरणाच्या ठिकाणी येणार होताच, तेव्हा त्यालाच दिवसाला २५ डॉलर देऊन उभे करण्यात आले. पुढे तो स्वतः दिग्दर्शक झाला. श्रेयनामावलीत त्याच्या भूमिकेला मायकेल हे नावही दिलेले नाही, तेथे ‘द शेप’, म्हणजे नुसती ‘आकृती’, असे लिहिले आहे. एका तरुणाला भिंतीशी सुऱ्याने खिळवल्यावर ही आकृती मान एका बाजूला कलती करते, मग दुसऱ्या बाजूला, भिंतीवर टांगलेले चित्र सरळ आहे की नाही हे पाहावे तशी. कॅसलचा अभिनय म्हणजे बव्हंशी एवढेच, आणि पुढच्या धिप्पाड नटांपैकी फार थोड्यांना ते साधले.

लॉरी मुखवटा ओढून काढते तेव्हा काही क्षण दिसणारा चेहरा टोनी मोरान याचा आहे. सहा वर्षांचा मायकेल विल सँडिन याने केला आहे. मोरानच्या नावापुढे पात्राचे वय २३ छापले आहे. १९६३ साली सहा वर्षांचा असलेला मुलगा १९७८ साली २१ वर्षांचा होतो, हे छापणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. २०१८पासूनच्या तीन चित्रपटांत मुखवटा जेम्स ज्यूड कोर्टनी याच्याकडे गेला, आणि त्यांतील पहिल्यात कॅसलही ओझरता येऊन गेला.

प्रश्न : लॉरी ही मायकेलची बहीण आहे की नाही? एका चित्रपटात आहे, दुसऱ्यात नाही. एकात ती मरते, नंतर आजी होऊन परत येते. आमच्या घरी यावरून वाद झाला आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : वाद मिटण्याची शक्यता कमी आहे, कारण दोन्ही पक्षांना पुरावा आहे. मालिकेत आजवर १३ चित्रपट झाले आणि ते एका धाग्यात बसत नाहीत.

पहिल्या चित्रपटापुरते विचाराल तर लॉरी बहीण असल्याचा मागमूसही नाही. १९६३च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री मायकेल आपली थोरली बहीण ज्युडिथ हिचा स्वयंपाकघरातील सुरीने खून करतो, पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून पळतो आणि हॅडनफील्ड या आपल्या गावी येतो. घरांच्या खरेदीविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या वडिलांच्या सांगण्यावरून लॉरी मायर्सांच्या ओसाड घराच्या दाराशी एक किल्ली ठेवायला जाते, आतून तो तिला पाहतो आणि तिच्या मागे लागतो. याहून अधिक कारण चित्रपट देत नाही. सकाळी कोणी दुसरी मुलगी त्या पायरीवर आली असती तर कदाचित ती रात्र तिची ठरली असती, आणि माझ्या मते सगळी भीती या ‘कदाचित’मध्ये आहे. ज्याला कारण असते त्याला टाळता येते.

लॉरी बहीण ठरली ती १९८१च्या दुसऱ्या भागात. त्याची पटकथा कारपेंटर आणि पहिल्या चित्रपटाची सहलेखिका डेब्रा हिल यांनीच लिहिली, मात्र ही कल्पना आपल्याला आवडली नाही, असे कारपेंटरने पुढे स्वतःच मुलाखतींतून बोलून दाखवले आहे. पहिला चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवायचा होता त्यासाठी नव्याने काही प्रसंग चित्रित झाले, त्यांत रुग्णालयातील खोलीच्या दारावर ‘बहीण’ असा शब्द कोरलेला दाखवून हे नाते मागाहून मूळ कथेतही घुसडण्यात आले. आपल्या घरातील एका पक्षाने ती आवृत्ती पाहिली असणे शक्य आहे.

एकदा कारण दिले की त्याला आणखी कारण लागते. १९८८ साली भाची आली, लॉरी अपघातात मेल्याचे सांगण्यात आले आणि १९९५पर्यंत सबंध कुळाचा संहार करायला लावणारा शाप आणि तो जपणारा गुप्त पंथ येथवर मजल गेली. १९९८च्या चित्रपटाने मधले तीन भाग पुसून लॉरीला जिवंत केले आणि तिच्या हातून मायकेलचा शिरच्छेदही करवला, तर २००२ साली कळले की मुंडके भलत्याच माणसाचे होते, आणि या खेपेस लॉरी मेली. २००७ आणि २००९चे दोन चित्रपट ही नव्याने मांडलेली स्वतंत्र कथा आहे, तीत मायकेलचे दुःखी बालपण तपशीलवार येते आणि त्याची कीव वाटू लागते. बागुलबुवाची कीव येऊन कसे चालेल? २०१८ साली पहिला चित्रपट सोडून बाकी सारे रद्द ठरवण्यात आले आणि ते भावाबहिणीचे नाते म्हणजे लोकांनी उठवलेली वावडी होती, असे लॉरीच्या नातीच्या तोंडी घालण्यात आले. म्हणून आजीबाई.

१९८२च्या तिसऱ्या भागात तर मायकेल नाहीच. दर वर्षी नवी कथा द्यावी असा बेत होता. प्रेक्षकांनी तो नाकारला, आणि गंमत म्हणजे त्या चित्रपटाचा दिग्दर्शक तोच टॉमी ली वॉलेस होता, ज्याने मुखवटा रंगवला होता.

घरातील वादापुरते माझे मत असे की, पहिल्या चित्रपटाचा शेवट पाहून निकाल द्यावा. मायकेलवर उपचार करणारा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस सहा गोळ्या झाडतो, मायकेल सज्जावरून खाली कोसळतो, आणि हा बागुलबुवाच होता काय, या लॉरीच्या प्रश्नाला डॉक्टर होकार देतो. खाली पाहतो तर हिरवळीवर कोणी नाही. त्यानंतर रिकामा जिना, रिकामी खोली, बाहेरून दिसणारी घरे आणि या साऱ्यावर मुखवट्याआडचा श्वास, एवढेच दाखवून चित्रपट संपतो. ज्याचा श्वास गावातल्या प्रत्येक घरात ऐकू येतो, त्याला एका घरचा भाऊ करणे म्हणजे त्याला लहान करणे होय.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाला ही मालिका दाखवावी काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मालिका नको, पहिला चित्रपट आपण शेजारी बसणार असाल तर विचार करावा. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांसोबत मोठे माणूस हवे. रक्त जवळजवळ दिसत नाही, पण काही क्षण नग्नता आहे आणि गळा दाबण्याचा प्रसंग लांबलेला आहे. कारपेंटरने स्वतः रचलेले पाच मात्रांचे संगीत झपतालात मुरलेल्या कानालाही अस्वस्थ करते, हे लक्षात घेऊन आवाज थोडा कमी ठेवावा. मुलगा फारच घाबरला तर त्याला मागची झाडे पाहायला सांगावीत. कथा इलिनॉयमधील ऑक्टोबरअखेरची असली तरी चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत झाले आहे, रस्त्यावरची वाळकी पाने रंगवलेली असून तीच गोळा करून पुन्हा पुन्हा पसरलेली आहेत, आणि एकदोन ठिकाणी घरांच्या मागे ताडाची झाडे डोकावतात.