मेथडिस्ट चर्चमध्ये बाईला खरंच पाळकाची दीक्षा मिळते का, की ते नुसतं कागदावर आहे?

तुमच्या भाचीला बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करून पाळक व्हायचंय आणि घरचे म्हणतात, "बाईला कोण पाळक करणार?" असं तुम्ही लिहिलंय. तिला पाळक होता येतं. बाप्तिस्मा देणारी, लग्न लावणारी, प्रभुभोजन देणारी दीक्षित पाळक. मी उदगीरकडची, जन्मापासून मेथडिस्ट, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दीक्षेइतकंच नेमणुकीकडे लक्ष द्या. आपल्यात मंडळी, म्हणजे गावच्या चर्चचे सभासद, पाळक निवडत नाहीत. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे त्या भागातल्या पाळकांच्या आणि प्रतिनिधींच्या सभेत, बिशप नेमणुकांची यादी वाचतात आणि ज्याचं नाव जिथे, तिथे त्यानं बिऱ्हाड हलवायचं. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी १९२४ मध्ये बायकांना स्थानिक दीक्षा दिली, पण कॉन्फरन्सचं सभासदत्व दिलं नाही. म्हणजे दीक्षेसाठी डोक्यावर हात ठेवले, पण तिला चर्च द्यायला कुणी बांधील नव्हतं. सभासदत्वाचा हा हक्क मिळायला १९५६ उजाडलं, मिनियापोलिसच्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे साऱ्या चर्चच्या सर्वोच्च सभेत. कोरियातल्या मिशनरी मॉड जेन्सन यांना तो पहिल्यांदा मिळाला. आपलं चर्च तेव्हा त्याच संस्थेचा भाग होतं. मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं १९८१ मध्ये. ब्रिटनमधल्या मेथडिस्टांनी तर पहिल्या बायकांना दीक्षा द्यायला १९७४ साल उजाडू दिलं! मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या खुद्द जॉन वेस्लींच्या आईनं, सुझानाबाईंनी, नवरा गावाला गेला असताना एपवर्थच्या घरात प्रार्थना चालवली, तेव्हा दोनेकशे माणसं जमायला लागली होती. वेस्लींनीही पुढे बायकांना उपदेश करू दिला. ते गेल्यावर, १८०३ मध्ये, ब्रिटिश कॉन्फरन्सनं त्यावर बंधनं घातली.

आपल्या भागात हे काम बायका कधीपासून करताहेत. जिथे पुरुष उपदेशकाला उंबरठ्याच्या आत जाता येत नव्हतं, तिथे बायबल बाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल सांगणारी बाई, जायची. लेकीबाळींना अक्षरं शिकवायची, आजाऱ्याजवळ बसायची, गाणी शिकवायची. मंडळी उभी राहिली ती या बायांच्या पायपिटीवर, आणि प्रभुभोजनाची भाकर मोडायला मात्र दुसरं कुणी यायचं. मला याचा अजून राग येतो.

आमच्याकडे एका खेड्यात दीक्षित बाई पाळक म्हणून आल्या होत्या. त्या असताना एक म्हातारबाबा वारले. गावाच्या रिवाजाप्रमाणे बायका कब्रस्तानात जात नव्हत्या. पेटी उचलली तशा पाळकबाई झगा घालून, हातात शास्त्र घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. वेशीपाशी पुरुष जरा घुटमळले. कुणी काही बोललं नाही. कबरीशी त्यांनी वचन वाचलं, वाकून मूठभर काळी माती घेतली आणि पेटीवर टाकली. मग मागे वळून बाबांच्या लेकीला पुढे बोलावलं. ती दूर बाभळीखाली थांबली होती. तिनंही बापाला माती दिली. ही मुभा ठराव करून आली नसती.

घरचे तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढतीलच, बाईनं शिकवू नये म्हणणारा. त्यांना रोमकरांस पत्राचा सोळावा अध्यायही वाचायला लावा. पौल फीबीची शिफारस करतो ती मंडळीची सेविका म्हणून. आणि पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगितली कुणी? मग्दालीया मरीयेनं. शेजारच्या आंध्रात, दक्षिण भारत चर्चमध्ये, पुष्पललिताबाई २०१३ मध्ये नंद्यालच्या बिशप झाल्या, हेही सांगा.

अडचणी मात्र लपवू नका. बदली झाली की नवऱ्याच्या नोकरीचं काय, हा प्रश्न बाई पाळकालाच विचारतात. पाळकाची बायको महिला मंडळ बघते, पाहुण्यांचं करते. बाई पाळकाकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवतात. एका पाळकाकडे चार-पाच गावं असतात, रात्रीबेरात्री निघावं लागतं. तिनं हे एखाद्या दीक्षित बाईंशी समोर बसून बोलून घ्यावं.

शिक्षणासाठी जबलपूरचं लेनर्ड कॉलेज आपल्या चर्चच्या परंपरेतलं आहे. बी.डी.ची पदवी श्रीरामपूर विद्यापीठाची, म्हणजे बंगालमधल्या, नगर जिल्ह्यातल्या नव्हे. पुढे दीक्षेच्या दोन पायऱ्या, आधी डिकन, मग एल्डर. पण सुरुवात होते आपल्याच मंडळीच्या शिफारशीनं, आणि त्या बैठकीत हात वर करणारे तुमच्या घरातलेच लोक असतात. पुढची बैठक कधी आहे, ते या रविवारी उपासनेनंतर पाळकांना विचारा, आणि भाचीला सोबत न्या.