टेंभू योजनेच्या (कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी भागात नेणारी सिंचन योजना) पाण्याचे आमच्या गावावर (आटपाडी तालुका, जि. सांगली) होणारे बरे-वाईट परिणाम लोकांकडूनच मांडून घ्यायचे आहेत. कार्यशाळा कशी घ्यावी?
आधी शिवारफेरी काढा, म्हणजे लोकांसोबत गावची रानं चालत बघा, मग देवळापुढच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा लोकांनाच काढू द्या. कागदावर पेन एकाच्याच हातात राहतं, तेही बहुधा सरपंचांच्या. जमिनीवरची रेघ कुणीही वाकून पुसतो. विहिरी, ओढे, चराईची रानं मांडून झाली की विचारा: पाणी आल्यावर दोन वर्षांनी इथं काय, वीस वर्षांनी काय? दुसरा प्रश्न टाळू नका. वाळवा-मिरजेकडं कृष्णाकाठची कितीतरी रानं जादा पाण्यानं क्षारपड झालीत, म्हणजे मीठ वर येऊन नापीक झालीत. बायका, मेंढपाळ, भूमिहीन यांचे गट वेगळे बसवा, नाहीतर सगळी चर्चा ऊस-डाळिंबावर जाते. फक्त हा नकाशा म्हणजे मोजमाप नव्हे. माती-पाण्याची तपासणी वेगळी करावीच लागेल.