गोषवारा, उजळणी आणि पूर्वपीठिका

एका वाचकाची विचारणा अशी आहे: ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे वेबकॉमिक आम्ही काही मित्र वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्यातल्या एक्स्पोझिशन आणि रीकॅपवरून आमच्यात सारखे वाद होतात. काहींना ती पानं रटाळ वाटतात, काहींच्या मते त्यांच्याशिवाय गोष्ट कळणारच नाही. हा वाद मराठीत घालायचा तर कोणते शब्द वापरावेत? दोन्हींना मिळून ‘पार्श्वभूमी’ म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पार्श्वभूमी म्हणजे गोष्टीच्या मागे असलेली परिस्थिती. ती लेखकाच्या मनात, टिपणवहीत, नकाशात कुठेही असू शकते. एक्स्पोझिशन म्हणजे ती परिस्थिती वाचकाला सांगण्याची क्रिया. रीकॅप त्याहून वेगळा: वाचकाला एकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा सांगणं. वाचकाला जे ठाऊकच नाही ते सांगणं आणि जे ठाऊक होतं पण विसरलं असेल ते आठवून देणं, ही दोन निराळी कामं आहेत. तुमच्या मित्रांमधला अर्धा वाद या दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे होत असावा, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

आधी रीकॅप घेऊ, कारण त्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. साप्ताहिकांतल्या आणि मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांनी ‘मागील अंकावरून पुढे चालू’ आणि ‘आतापर्यंतचे कथानक’ घरोघरी पोचवलं, दूरचित्रवाणीच्या मालिकांनी ‘मागील भागात आपण पाहिलंत’ रुळवलं. मला यात सर्वांत आवडणारा शब्द ‘गोषवारा’. तो फारसीतून आला आणि आपल्याकडे दप्तरात स्थिरावला. लांबलचक हिशेबाचा थोडक्यात काढलेला सार म्हणजे गोषवारा. त्यात नवी रक्कम येत नाही, आधी लिहिलेल्याच रकमा एकत्र दिसतात. कथेबाहेर, लेखकाच्या आवाजात दिलेल्या रीकॅपला म्हणूनच तो नेमका बसतो. ‘सिंहावलोकन’ मात्र मी वापरणार नाही. त्यात चालत आलेल्या वाटेकडे थांबून, तोलून पाहण्याचा भाव आहे. संस्थेच्या पन्नास वर्षांचं सिंहावलोकन होतं, दोन चौकटींत उरकलेल्या रीकॅपवर तो शब्द फार जड होतो.

पण कॉमिकमध्ये बहुतेक रीकॅप कथेबाहेर नसतो, पात्रांच्याच तोंडी असतो. एक पात्र दुसऱ्याला आधी काय घडलं ते सांगतं आणि ऐकतो मात्र वाचक. याला ‘उजळणी’ म्हणावं. पाढ्यांची उजळणी करताना मूल आपलंच पाठ केलेलं पुन्हा म्हणतं. त्या शब्दात पुनरुक्ती आहे, शिवाय पुसट झालेलं पुन्हा लख्ख करण्याची क्रियाही आहे. ‘इथे पात्रांनी मागच्या लढाईची उजळणी केली’ हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आता एक्स्पोझिशन. शब्दकोशांत ‘विवरण’, ‘निरूपण’, ‘स्पष्टीकरण’ असे प्रतिशब्द सापडतात. यांपैकी निरूपण फार मोलाचा शब्द आहे, पण तो कीर्तनाचा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं किंवा पदाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान. म्हणजे निरूपण तत्त्वाचं, कथा आख्यानात. काल्पनिक जगाचा इतिहास आणि नियम सांगण्याला निरूपण म्हटलं तर कीर्तन जाणणाऱ्याचा गोंधळ होईल. ‘पूर्वपीठिका’ त्या मानाने चपखल आहे आणि या शब्दाला स्वतःचीही एक गोष्ट आहे. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’चा सुरुवातीचा भाग हरवला. नंतरच्या कुणीतरी, वाचकाला पुढची कथा लागावी म्हणून, सुरुवातीची कथा लिहून जोडली, असं अभ्यासक मानतात. तो जोडलेला भाग ‘पूर्वपीठिका’ या नावानेच ओळखला जातो. वाचकाची अडचण ओळखून पुरवलेली माहिती, हा अर्थ शब्दाच्या इतिहासातच आहे.

तेव्हा माझी शिफारस अशी: कथेबाहेरचा रीकॅप तो गोषवारा, पात्रांच्या तोंडचा रीकॅप ती उजळणी, आणि एक्स्पोझिशन म्हणजे पूर्वपीठिका सांगणं. हे शब्द तुमच्याच कॉमिकवर पारखून पाहू.

रिच बर्ल्यू या अमेरिकन लेखक-चित्रकाराने ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ 2003 साली सुरू केलं. काडीसारख्या हातापायांची माणसं, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमांवरचे विनोद, एवढाच सुरुवातीचा ऐवज होता. पुढे त्याचं महाकथानक झालं. पानांची संख्या तेराशेच्या वर गेली आणि प्रकाशनाचा ठरलेला वार पुढे राहिला नाही. 2012 च्या शरदात बर्ल्यूच्या हाताला दुखापत झाली तेव्हा तर काम काही काळ थांबलंच. हे मुद्दाम सांगतो, कारण रीकॅपची गरज या गतीतून येते. जो पहिल्यापासून एकेक पान वाट पाहून वाचत आला, त्याच्या दोन वाचनांमध्ये दिवस जातात, कधी आठवडे. उजळणी नसेल तर त्याची गत ‘सगळं रामायण ऐकलं आणि रामाची सीता कोण’ अशी होईल. जो आज सुरुवात करून पंधरवड्यात सगळी जुनी पानं संपवतो, त्याला तीच उजळणी काल वाचलेल्याची नक्कल वाटते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या मंडळींमध्ये कोण कसं वाचत आलं ते एकदा विचारून पाहा, मतभेदाची रेघ बहुधा तिथूनच गेलेली दिसेल.

पूर्वपीठिकेचं या कॉमिकमधलं ठळक उदाहरण म्हणजे अझ्युर सिटीचा अधिपती शोजो नायकांना जगाच्या उत्पत्तीची कथा सांगतो तो भाग. देवांच्या भांडणातून स्नार्ल नावाचा राक्षस जन्मला, त्याने पहिलं जग गिळलं, दुसऱ्या जगाचा तुरुंग करून देवांनी त्याला कोंडलं, त्या तुरुंगाला भेगा पडल्या आणि त्या पाच द्वारांनी बंद करण्यात आल्या. एवढा मजकूर साध्या संवादात वाचला गेला नसता. बर्ल्यूने तो भाग लहान मुलाने मेणखडूंनी काढावा तशा चित्रांत रंगवला. शैली बदलल्याबरोबर वाचकाला कळतं की आता कथा थांबून कथेमागची कथा सुरू झाली. चित्रकथेला हे जमतं, नुसत्या गद्याला इतक्या सहज जमत नाही.

बऱ्याच काळाने थोर हा देव मरणोत्तर लोकात नायकांपैकी डर्कनला भेटतो आणि तीच कथा पुन्हा काढतो. ही उजळणी म्हणावी की पूर्वपीठिका? सुरुवात उजळणीसारखी वाटते. पण त्यातून कळतं की शोजोची कथा अपुरी होती, आणि जगं दोन नव्हे, अगणित झाली आणि मोडली. म्हणजे जुन्याच्या आधाराने नवं सांगितलं जातं आणि जुन्याचा अर्थही बदलतो. याला मी ‘खुलासा’ म्हणेन. हा भाग लांबला अशी तक्रार असेल तर ती समजू शकते, पण त्याला ‘पुन्हा तेच’ म्हणणं अन्यायाचं आहे.

आणखी एक पेच आहे. खलनायकांच्या बाजूच्या रेडक्लोकची पूर्वकथा बर्ल्यूने ‘स्टार्ट ऑफ डार्कनेस’ या वेगळ्या पुस्तकात सविस्तर सांगितली. ज्याने ते पुस्तक वाचलं त्याच्यासाठी वेबवरची रेडक्लोकच्या पूर्वकथेची पानं ही उजळणी होतात, ज्याने वाचलं नाही त्याच्यासाठी तीच पानं पूर्वपीठिका. शब्द पानाला चिकटलेला नसतो, तो वाचक आणि पान यांच्यामधला असतो. म्हणून वाद घालताना ‘माझ्यासाठी’ हा शब्द जोडून बोलावं.

हे पान चांगलं की वाईट कसं ठरवायचं, हेही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. शब्दांच्या चर्चेत हे थोडं बाहेरचं, पण याचं उत्तर आपल्या नाट्यपरंपरेत इतकं सुरेख आहे की गप्प बसवत नाही. दोन अंकांमध्ये घडून गेलेलं आणि पुढे घडणारं थोडक्यात कळवण्यासाठी संस्कृत नाटककारांनी स्वतंत्र प्रवेश राखून ठेवले होते. ‘विष्कंभक’ आणि ‘प्रवेशक’ ही त्यांची नावं. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपका’त त्यांची लक्षणं आहेत: विष्कंभकात मध्यम दर्जाची पात्रं, प्रवेशकात कनिष्ठ. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकाचा विष्कंभक पाहा. अनसूया आणि प्रियंवदा फुलं वेचताना बोलतात आणि त्यातून कळतं की गांधर्वविवाह झाला, राजा निघून गेला. हा झाला रीकॅप. पण त्याच प्रवेशात पडद्याआडून दुर्वासांचा शाप ऐकू येतो आणि सबंध नाटकाची दिशा फिरते.

भवभूती त्याहून पुढे जातो. हा पद्मपूरचा, म्हणजे आपल्या विदर्भातला. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रं पाहतात. चित्रांतून केलेला रीकॅप! प्रेक्षकाला रामकथा तोंडपाठ, मग ती पुन्हा कशाला? कारण ती चित्रं पाहून गर्भवती सीतेला पुन्हा वनात जाण्याचे डोहाळे लागतात, आणि त्याच इच्छेच्या आडून पुढे तिचा त्याग होतो. चित्रांतल्या जृंभकास्त्रांकडे बोट दाखवून राम म्हणतो की ही आता तुझ्या संततीकडे जातील, आणि पुढे लव ती अस्त्रं वापरतो तेव्हा त्याची ओळख पटण्याची सुरुवात होते. उजळणी चालू असताना पात्राच्या मनात काही नवं उगवतं का, पुढच्या घटनेचं बी पडतं का, हे पाहावं. थोरच्या कथनानंतर डर्कनवर एक कामगिरी येऊन पडते, आणि मला वाटतं त्या पानांच्या बाजूने हेच सर्वांत भक्कम कारण आहे.

राहिला ‘इन्फोडंप’. त्याला ‘माहितीचा भडिमार’ म्हणतात, ते चालेल. पण तक्रारीसाठी जुने शब्द जास्त नेमके आहेत आणि तेही दोन वेगळे आहेत. पूर्वपीठिका गरजेपेक्षा लांबली तर ते ‘पाल्हाळ’, आणि मुख्य गोष्टीआधीच फार वेळ खाल्ला तर ‘नमनाला घडाभर तेल’. उजळणी उगाच झाली तर मात्र पाल्हाळ म्हणू नये, कारण ती दोन ओळींचीही असू शकते. तिच्यासाठी ‘चर्वितचर्वण’ आहे, बोलीत ‘तेच ते दळण’. लेखनाबद्दल एवढंच: ‘पूर्वपीठिका’त पू आणि पी दोन्ही दीर्घ, ठि मात्र ऱ्हस्व, आणि ‘गोशवारा’ असंही लिहिलेलं आढळतं, पण ‘गोषवारा’ अधिक रूढ आहे.