ख्रिस्ती म्हणून सनातनी विचार आणि उदारमतवाद यांचा मेळ तुम्ही कसा घालता?

तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, त्याचा अध्याय 15 आठवला. हा वाद नवा नाहीच, इ.स. 50 च्या सुमारास यरुशलेमात हेच पेटलं होतं, की विश्वासात आलेल्या परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, सुंता करायलाच पाहिजे का. तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याने निवाडा दिला की या लोकांना उगाच त्रास देऊ नका, सुंता नको, पण मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी आणि जारकर्म यांच्यापासून लांब राहा. आणि एवढा मोकळा निर्णय देताना त्याने आधार कुणाचा घेतला, तर आमोस संदेष्ट्याचा, म्हणजे जुन्याच शास्त्राचा! पुढे प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा खाण्याच्या बाबतीत बराच सैल होतो, बाजारातलं मांस खा, फक्त दुबळा भाऊ अडखळणार नाही एवढं बघा म्हणतो, पण जारकर्माच्या बाबतीत तसूभर हलत नाही. म्हणजे घट्ट काय धरायचं आणि सैल काय सोडायचं हे त्यांनीसुद्धा एकेक गोष्ट हातात घेऊनच ठरवलं.

माझं म्हणाल तर पुनरुत्थान, प्रार्थना, लग्न हे आयुष्यभराचं वचन आहे, यात मी पक्का सनातनी आहे. वडील गेले तेव्हा येशू फक्त एक थोर शिक्षक होता असं मानणारे माझे मित्र भेटायला आले, जीवाभावाचे लोक, पण कबरेजवळ उभं राहिल्यावर त्यांच्या त्या येशूचा मला काही म्हणजे काही आधार वाटला नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल शिकवणाऱ्या एका बाईंचा घटस्फोट झाला, नवरा मारहाण करायचा हे सगळ्यांना माहीत होतं, तरी समितीत त्यांना शिकवण्यापासून थांबवायचं ठरलं आणि मीही हात वर केला, लग्नाचं पावित्र्य राखायचं म्हणून. पुढच्या रविवारी त्या आल्या, मुलांची वचनांची कार्डं रबर लावून वर्गवार टेबलावर ठेवली, कपाटाची किल्ली त्यावर ठेवली आणि उपासना सुरू व्हायच्या आत निघून गेल्या. मत्तयच्या शुभवर्तमानात, अध्याय 23 मध्ये, पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा भाग, देणारे पण न्याय आणि दया सोडून देणारे शास्त्री येतात ना, ते वाचलं की मला ती किल्लीच दिसते. आणि येशू तिथे दशांश सोडा असं म्हणत नाही बरं का, हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं असं म्हणतो. तत्त्व माझं बरोबर होतं असं मला आजही वाटतं, पण ते मी चुकीच्या माणसावर चालवलं, वचन मोडलं होतं मारणाऱ्याने आणि शिक्षा आम्ही दिली तिला.

त्यामुळे आता कुठलाही नियम पुढे आला की मी आधी विचारतो, याचं ओझं नक्की कुणाच्या खांद्यावर पडणार आहे? मंडळीतले काही जण म्हणतात मी लिबरल झालो, जुने मित्र म्हणतात कर्मठ, म्हणू देत.

त्या बाईंकडे जाऊन मी माफी मागितली, त्यांनी चहा दिला, माफही केलं. पण मंडळीत त्या अजून परत आलेल्या नाहीत, आणि या म्हणून आग्रह करायची माझी हिंमत होत नाही.